आधी बोलेल ती हरली

सोमवार, संध्याकाळ

लिही, सूनबाई. मी बोलते तसंच लिही. माझ्या बोलण्याला पावडर-कुंकू करू नकोस.

आज समोरच्या टकटकबाईने जिन्याखालच्या फळ्यावर कागद लावला. माझ्याविरुद्ध. मला वाचता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर कागद. तोंडावर बोलली असती तर मी तोंडावर परत दिलं असतं, व्याजासकट. आता मला जिन्याखाली उभं राहून विचारावं लागलं, बाबांनो, यात मला कोणती शिवी दिलीय? तळमजल्यावरच्या शिंप्याने वाचून दाखवलं. "डक्टमधील दोरीवर न पिळलेली ओली चादर टाकणे ही पाण्याची नासाडी असून संबंधितांनी लाज बाळगावी." संबंधित म्हणजे मी. वाचताना मेला दोनदा हसला. त्याच्याकडे शिवायला टाकलेला माझा परकर मी तिथल्या तिथे परत आणला, एक बाजू उसवलेली तशीच.

ठीक आहे. तिच्याकडे अक्षर आहे, तर माझ्याकडे सून आहे. आजपासून रोज तिचं एकेक पाप कागदावर.

टकटकबाई कोण ते लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कोणीतरी मोठी असामी. जन्मभर कोर्टात टायपिंग केलं. मशीन सुटलं, बोटं सुटली नाहीत. राग आला की पेरांनी खिडकीच्या चौकटीवर टकटक करते. राहते पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, पण तिची खिडकी माझ्या खिडकीसमोर. मध्ये डक्ट, इतका अरुंद की तिने जांभई दिली तर माझे कान भरतात. दोन खिडक्यांमध्ये कपडे वाळत घालायची एक दोरी, दोन्ही टोकांना कप्पी. तिच्या आणि माझ्या नवऱ्याने मिळून लावलेली. दोघे गेले, दोरी राहिली. दोघींना भांडायला काहीतरी ठेवून गेले म्हणायचं.

दोरी एकच, त्यामुळे एकीने ओढली की दुसरीचेही कपडे हलतात. म्हणून रीत अशी की ओढायच्या आधी हाक मारायची, "ओढतेय गं!" पलीकडून "ओढ!" आलं की मग ओढायचं. तुझं लग्न होऊन तू या घरात आलीस त्याच्याही आधीपासूनची ही रीत.

आता तिच्या लांबच्या भाच्याने तिला एसी पाठवलाय, स्वतः येण्याऐवजी. एसीचा बाहेरचा डबा डक्टमध्ये, तोंड माझ्या खिडकीकडे. तिच्या खोलीतली सगळी गरमी काढून तो माझ्या अंगावर ओततो. तिचा गारवा, माझी भट्टी. आधीच हे ऊन म्हणजे ऊन नव्हे, वैर आहे. भिंतीला पाठ टेकली की चटका बसतो, तांब्यातलं पाणी दुपारी आंघोळीचं होतं. मग मी काय करू? मध्ये ओलीकच्च चादर टाकते. तिच्यातून वारा येतो तो जरा माणसाळलेला येतो. तर ही म्हणे पाण्याची नासाडी! आणि हाक न मारता दोरीला असा हिसका देते की माझी चादर तिच्याकडच्या काळ्या भिंतीवर पुसली जाते.

हसू नकोस. पुढचं लिही. काय म्हणतेस, संपलं? बरं, संपलं.

(सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून कंसात मी माझं लिहीत जाईन. चादर खरंच पिळायला हवी. नळाला पाणी एक वेळच येतं. — सून)

बुधवार

आज टँकरपाशी भांडण झालं. दोन बाया घागरींनी मारामारी करत होत्या, आणि आमचे सेक्रेटरी छत्री उघडून बघत होते. जिच्या कपाळाला खोक पडली ती रडत नव्हती. म्हणाली, डोळ्यांतून काढायलाही पाणी शिल्लक नाही.

सूनबाई वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घेते. आज तिच्या ऑफिसची काच कोणीतरी दगडाने फोडली. दिवसभर लोक तिला आयबहिणीवरून बोलतात आणि ती म्हणते, "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." घरी आली की मला म्हणते, "आई, तुमच्या शिव्या किती मायेच्या असतात हो." चेष्टा करतेय की काय, कळत नाही.

माझा मुलगा बर्फाच्या कारखान्यात आहे. एरवी आम्हाला त्या नोकरीची लाज वाटायची, आता शेजारी त्याला "साहेब" म्हणतात. कारखान्याच्या फाटकावर पोलीस बसवलेत. कारण हॉटेलवाले, मासेवाले आणि हॉस्पिटलवाले एकमेकांच्या अंगावर जातात. तरी तो रोज डब्यात बर्फाचा एक खडा लपवून आणतो आईसाठी. आईसाठी म्हणतो, पण अर्धा स्वतःच्या मानेवर ठेवतो.

दिवसातून तीनतीनदा फ्यूज उडतो. दोन्ही बिल्डिंगची लाइन एकच. सगळे म्हणतात, एसीवाल्यांमुळे. मी काही म्हणत नाही. मी फक्त टकटकबाईच्या खिडकीकडे बघते आणि सुस्कारा सोडते, जरा मोठ्याने.

गुरुवार, मीटिंगनंतर

जिंकले! लिही, मोठ्या अक्षरात लिही. मला वाचता येत नसलं तरी मोठं कळतं.

जिन्यावर मीटिंग झाली. दोन्ही बिल्डिंगचे लोक, कोणाच्या हातात पुठ्ठा, कोणाच्या हातात वर्तमानपत्र, सगळे वारा घेत एकमेकांवर ओरडत होते. सेक्रेटरी म्हणाले, लोड झेपत नाही. टकटकबाई म्हणाली, "मला पायाला सूज असते, डॉक्टरांनी गार खोलीत राहायला सांगितलंय." ऐकून लोक विरघळायला लागले. एवढ्या उन्हात विरघळायला वेळ तो किती? मग मी उठले.

मी म्हटलं, "बाईंचं खरं आहे. परवा मी यांच्या खिडकीत डोकावले, तर आत उकाडा स्वेटर घालून बसला होता."

काय हसले लोक! महिन्याभरात या जिन्यावर कोणी हसलं नव्हतं. शिंप्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग कोणी म्हणालं, मावशी, अजून एक. मी म्हटलं, "सूज पायाला नाही, सूज नाकाला आहे." परत हसले.

टकटकबाई उभी राहिली. तोंड लाल. म्हणाली, "ठीक आहे. मी एसी बंद करते. रात्रीही लावणार नाही. मेले तरी लावणार नाही. आणि या बाईशी जन्मात बोलणार नाही."

मी म्हटलं, "बघू. आधी बोलेल ती हरली."

"आधी बोलेल ती हरली," ती म्हणाली. झालं. अबोला ठरला. पंच म्हणून सगळी बिल्डिंग हजर.

(रात्री एसी चालवायला कोणाचीच हरकत नव्हती. त्यांनीच रागाने नको म्हटलं. आईंच्या विनोदावर मीही हसले. — सून)

शनिवार

डक्टमधला गरम वारा बंद. तिची खिडकी बंद, पडदा ओढलेला. आत रेडिओ चालू असतो, भांड्यांचा आवाज येतो. म्हणजे आहे घरात, कुढत बसलीय.

सकाळी तिने खिडकी वीतभर उघडून दोरीवर एक पंचा टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही नाही बघितलं. मी तिच्याकडे इतकं बघितलं नाही की मला तिच्या पंच्याची किनार उसवलेली दिसली.

अबोला ही सोपी गोष्ट नाही, सूनबाई. तुमच्या पिढीला रागावलं की फोन बंद करता येतो. अबोल्यात समोर असावं लागतं. दोन्ही माणसं समोरासमोर हवीत आणि दोघांनी न बोलण्याचा घाम गाळला पाहिजे. माझ्या नवऱ्याबरोबर मी एकदा एक पूर्ण उन्हाळा अबोला धरला होता. तो हरला. मीठ मागावं लागलं त्याला.

आज घरात इतकं तापलंय की स्टीलच्या कपाटाला हात लावून मी ओरडले. ते अबोल्यात धरायचं नाही. कपाटाशी बोलले मी.

रविवार

आज सूनबाईशी वाजलं. तीच लिहितेय, त्यामुळे काय लिहील देव जाणे.

तिच्या केंद्रावर आता विजेच्या तक्रारींपेक्षा दुसरेच फोन येतात म्हणे. लोक म्हणतात, लाइट गेली, पंखा बंद, आणि आजोबा उठत नाहीत. फोन घेणाऱ्या पोरींना एक कागद दिलाय, फोनवर वाचून दाखवायला. माणूस बरळतोय का, अंग कोरडं-तापलेलं आहे का, ओलं कापड गुंडाळा, काखेत बर्फ ठेवा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हिला तो पाठ झालाय. भाजी चिरताना पुटपुटते. मुलगा सांगतो, कारखान्याचा सगळा बर्फ आता हॉस्पिटलला जातो. वॉर्डात किती आणि मागच्या खोलीत किती, ते तो सांगत नाही. मागच्या खोलीत काय असतं विचारलं तर पाणी प्यायला उठून जातो.

तर सूनबाई म्हणे, "आई, समोरच्या मावशी सुजेवर पाणी काढायच्या गोळ्या घेतात. त्याने अंगातलं पाणी जातं. एसीही बंद आहे. जरा हाक मारा त्यांना."

मी म्हटलं, "तू मार."

म्हणे, "मी दोन जिने उतरून दोन जिने चढून जाऊन आले. दार उघडलं नाही. आतून म्हणाल्या, तुझ्या सासूने पाठवलंय का? मी म्हटलं नाही. तर म्हणाल्या, मग तिलाच येऊ दे."

ऐकलंस? ऐकलंस ना डाव? मी गेले, "बाई, कशी आहेस" म्हटलं की मी हरले! कोर्टात जन्म काढलाय तिने, वकिलांना पाणी पाजेल. मी म्हटलं, मी काय दूधखुळी आहे?

सूनबाई म्हणाली, "तुम्ही दूधखुळ्या नाही. तुम्ही दुष्ट आहात."

सासूला! तोंडावर! माझ्या सासूला मी असं म्हटलं असतं, तर... म्हटलं होतं एकदा. पण मी मनात म्हटलं होतं.

(आई हाक मारत नाहीत तोवर मी लिहिणार नाही. वही इथेच ठेवते. — सून)

सोमवार

आज पेन मुलाच्या हातात. बायकोने संप केलाय, म्हणून नवरा कामाला. रात्रपाळी करून आलाय, डोळे मिटतात त्याचे. याचं अक्षर लहानपणी मुंग्यांसारखं होतं, मास्तर मारायचे. आता कसं आहे, रे? मुंग्याच? बरं.

टकटकबाईने नवा डाव काढलाय. रेडिओ कालपासून बंद. पंचा दोरीवरून काढलेला नाही, शनिवारचा तसाच. उन्हाने पापुद्र्यासारखा झाला असेल. लाज सोडली म्हणायची. आणि खिडकीवर पाखरांसाठी ती पाण्याचं भांडं ठेवते, ते कोरडं पडलंय. एक कावळा येऊन त्यात चोच आपटत होता. बघा, मी म्हटलं, फळ्यावर पाण्याचा उपदेश आणि पाखराला थेंब नाही! दया आटली बाईची.

आणि दुपारी ऐक काय झालं. सगळीकडे चिडीचूप. लाइट गेलेली, पंखे बंद. मी फरशीवर ओला पदर पसरून पडले होते. तर पलीकडून टकटक. खिडकीवर नाही, आतून कुठून तरी, नळाच्या पायपावर मारावं तशी. टक. मग थांबून टक. टक. तिची ती ठसक्यातली नाही, रडत-रखडत. बराच वेळ चालली होती. मला खिजवत होती. मी हाक मारावी, काय गं, काय झालं म्हणावं, की झाली ही मोकळी!

मी बोलले नाही. दात आवळून पडून राहिले. मग थांबली.

ही माझी दुसरी जीत. लिहिलंस? झोपलास काय? अरे ए

(ह्यांचं अक्षर इथे संपतं. — सून)

मंगळवार

आज मला बोलायचं नाही. पण सूनबाई वही घेऊन बसलीय आणि म्हणते, सांगाच. तर सांगते. सलग येणार नाही.

सकाळी पाणी आलं. मी चादर भिजवली. दोरीवर टाकायला गेले तर दोरीवर तिचा तो पंचा. मला वाटलं, तिला खवळवायची हीच वेळ. हाक न मारता ओढते, तिचा पंचा माझ्याकडे आणते आणि ठेवून घेते. बघू कशी गप्प राहते.

मी ओढली दोरी. हिसका देऊन ओढली. कप्पी करकरली. आता पलीकडून उलटा हिसका येणार म्हणून मी पाय रोवून उभी राहिले.

आला नाही.

मी परत ओढली. पंचा माझ्या हातात आला. लाकडासारखा कडक. मी वाट बघितली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, सूनबाई. तापात असायची तेव्हाही ती उठून हिसका द्यायची. तिचा नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा दिला होता.

मग मला कालची ती टकटक आठवली.

मी ओरडले. "ओढतेय गं!" ओरडले. "अगं ए, ओढतेय मी! ओढ म्हण!" डक्टमध्ये माझाच आवाज वर जाऊन परत आला. सगळ्या खिडक्या उघडल्या, तिची सोडून.

(आई घाबरल्या नव्हत्या असं लिही, म्हणतात. त्या दोरी धरून ओढतच होत्या. रिकामी दोरी. मी बोटं सोडवली. — सून)

तुम्ही सगळे धावलात. माझे गुडघे उतरायला तयार, चढायला नाहीत. तिच्या दाराशी पोचले तेव्हा सेक्रेटरी म्हणत होते, असं परस्पर दार तोडता येत नाही, पोलिसांना कळवू, भाच्याला फोन करू. मी म्हटलं, "भाचा एसी पाठवील दुसरा." शिंप्याने विचारलं नाही, पहार घातली. उसवलेल्या परकरासकट त्याचे सगळे गुन्हे माफ.

न्हाणीघरात होती. फरशीवर, नळाच्या पायपाला चिकटून. हातात प्लास्टिकचा मग, त्याचा कान तुटलेला. त्यानेच वाजवत होती. अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धे उघडे, पण त्या डोळ्यांत मी नव्हते. मी समोर उभी राहिले आणि तिने तोंड वाकडं केलं नाही. तेव्हा मी खरी भ्याले.

एकजण पाण्याचा पेला तोंडाला लावायला गेला. सूनबाईने त्याच्या हातावर फटका मारला. "शुद्ध नाही, ठसका लागून मरेल." मग म्हणाली, "ओलं कापड. मोठं. पिळू नका." मी म्हटलं, चादर. माझी चादर अजून घरात बादलीत होती, मुलाने पळत जाऊन आणली. न पिळलेली. तिच्यातच गुंडाळलं तिला. मुलाने डब्यातला बर्फ फोडून काखेत ठेवला, मानेखाली ठेवला. शेजारची पोरं पुठ्ठ्यांनी वारा घालत होती. चादरीचं पाणी तिच्या सगळ्या फरशीवर पसरलं. मला वाटलं, आता उठेल. आता उठून म्हणेल, नासाडी.

अँब्युलन्स नाही. फोनवर म्हणाले, रांग आहे. मुलगा खाली पळाला. कारखान्याची गाडी हॉस्पिटलकडे निघाली होती, ती नाक्यावर आडवा उभा राहून थांबवली. ड्रायव्हर म्हणतो, "आजी, हा बर्फ मागच्या खोलीसाठी आहे, गाडीत माणूस न्यायची परवानगी नाही." मी म्हटलं, "उशीर केलास तर हीसुद्धा मागच्या खोलीचाच माल होईल. मग परवानगी असेल ना?" त्याने मागचं फळकूट पाडलं.

अशी गेली. बर्फाच्या लाद्यांमध्ये, माझ्या चादरीत.

मी आधी बोलले, सूनबाई. ते लिही.

गुरुवार

हॉस्पिटल. खाटेवर दोघं, खाटेखाली एक. नातेवाईक पंख्याच्या जागेवरून भांडतात. एका डॉक्टरीणबाईला एका माणसाने ढकललं, कारण त्याच्या बापाला तिने आधी बघितलं नाही. तिने त्याला उलट ढकललं आणि बापाला बघितलं. असं औषध मी प्रथमच बघितलं.

टकटकबाई जिवंत आहे. डोळे उघडते. पण बोलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप डोक्यात गेला, जीभ आणि तोल सावकाश येईल, कदाचित सगळं येणार नाही.

मी खाटेशी बसले. म्हटलं, "हरले मी. झालं समाधान?" तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. हे ताप म्हणून की मुद्दाम, ते कळलं नाही. मी तिला पाणी पाजायला गेले तर ओठ मिटले. नर्सने पाजलं तर प्यायली.

मुद्दामच.

रविवार

आज परत मीटिंग झाली. मी म्हटलं, ती घरी येईल तेव्हा तिचा एसी चालला पाहिजे. दिवसाही. तर तेच लोक, जे माझ्या विनोदावर हसून लोळले, माझ्यावरच उलटले. "मावशी, बंद करायला तुम्हीच लावलात." "आमची पोरं उकडून निघतात त्याचं काय?" सेक्रेटरी म्हणाले, "आता का पुळका आलाय?"

मी म्हटलं, "पुळका नाही. ती मेली तर मी भांडू कोणाशी? तुझ्याशी? तुझी लायकी आहे का?"

कोणी हसलं नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

शेवटी असं ठरलं की दुपारी बाकीचे एसी आळीपाळीने चालतील आणि तिचा चालू राहील. दुपारी ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे ते तिच्या खोलीत आणून बसवतील, दार उघडं. ही सूनबाईची कल्पना. सगळ्यांनी तोंडं वाकडी करत हो म्हटलं. माणसं चांगली झाली असं काही नाही. मागच्या आठवड्यात दोन्ही बिल्डिंगमधून दोघं गेले आणि प्रत्येकाच्या घरात एक म्हातारं आहे, एवढंच.

सूनबाईला मी म्हटलं, "तू मला दुष्ट म्हणालीस." म्हणाली, "हो." मी म्हटलं, "परत म्हणशील?" म्हणाली, "लागेल तेव्हा." बरं. निदान मनात तरी नाही ठेवत.

शुक्रवार

टकटकबाई घरी आली. काठी घेऊन चालते, डावा पाय फरफटतो. दुपारी तिच्या खोलीत आम्ही सगळी म्हातारी खोडं ओळीने बसतो. ती मला पाठ करून बसते. मी तिच्या पाठीशी बोलते. "काय गं, हा पडदा कुठल्या मढ्याच्या अंगावरचा?" म्हणते. "एसी गार कमी आणि आवाज जास्त, तुझ्यासारखा." तिच्या जिभेत अजून शब्द बसत नाहीत. हॉस्पिटलमधून निघताना नर्सला काहीतरी सांगायला गेली तर आवाज चिखलातून चालल्यासारखा आला आणि ती रागाने गप्प झाली.

रोज सकाळी मी खिडकीतून हाक मारते, "ओढतेय गं!" उत्तर नाही. तरी जरा थांबते आणि मग हळूच ओढते. असलं हळू मी जन्मात ओढलं नव्हतं.

एसीचा डबा परत घरघरतो. गरम वारा थेट माझ्या तोंडावर येतो. दिवसभर शिव्या देते मी त्याला. थांबला की उठून बघते, का थांबला.

(रात्रीही उठून बघतात. — सून)

बुधवार, सकाळीच

सूनबाई, वही आण. आत्ता. चहा राहू दे.

चादर भिजवली, न पिळता. दोरीवर टाकली. कुडता, परकर, सगळं टाकून झालं. परकर शिंप्याने फुकट शिवून दिलाय, बाजू मात्र तिरकी आहे, त्याची स्वतंत्र तक्रार लिहू. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात... हाक नाही, हूं नाही, चूं नाही... दोरीला असा हिसका बसला, असा बसला, की माझी चादर गेली थेट तिच्या काळ्या भिंतीवर! पांढरीशुभ्र चादर. परकर खाली डक्टमध्ये, कबुतरांच्या घाणीत.

पलीकडे बघते तर ही खिडकीत उभी. एका हातात काठी, दुसऱ्यात दोरी. तोल जात होता, पण दोरी सोडली नव्हती.

मी ओरडले, "भवाने! रीत विसरलीस? सांगून ओढावं!"

ती तोंड हलवत राहिली. कितीतरी वेळ. जबडा कुठेतरी अडकायचा, परत सोडवायची. खालचा शिंपी मान वर करून बघत राहिला. मी थांबले. मध्ये बोलले नाही. मग एकेक अक्षर आलं, जड, पण प्रत्येक नीट ठोकून, कोर्टाच्या कागदावर उमटावं तसं.

"आधी... कोण... बोललं?"

सूनबाई, मी उगाच डोळे पुसले. भिंतीची धूळ उडाली होती. हे लिहू नकोस.

(लिहिलं. — सून)